कॉफीच्या दुकानात सेंट

आमच्या दुकानात फुलं माळून किंवा सेंट लावून यायचं नाही. तसा फलक कुठे लावलेला नाही, पण लग्न होऊन या घरी आल्यावर चौथ्या दिवशीच मला हे कळलं. तंजावरात राजवाड्याच्या मागच्या अंगाला एका अरुंद गल्लीत आमचं कॉफीच्या बिया भाजून दळून देण्याचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं. नवी नवरी म्हणून मी केसांत हातभर मल्लीचा, मोगऱ्याचा गजरा माळून दुकानाच्या पायरीवर उभी राहिले, तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, खुर्चीतून न उठता म्हणाले, "पोरी, फुलं घरी ठेवून ये. कॉफी दुसऱ्याचा वास ओढून घेते." दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मी घरी गेले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या. मामंजींनी ऐंशी ओलांडली. माझे यजमान कालव्यांच्या सरकारी कार्यालयात आहेत. सकाळी मोपेड काढतात आणि दिवसभर गावोगावच्या बांधांवर असतात. त्यामुळे दुकान माझ्याकडे आलं. पण ते सहज आलं नाही. बाईमाणूस भट्टीपाशी कसं उभं राहणार, असं नात्यातले पुष्कळजण म्हणाले होते. त्यावर मामंजींनी एका गिऱ्हाइकासमोर एवढंच म्हटलं, "हिचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे." त्यांनी माझी केलेली ही एकुलती एक स्तुती. मी ती फार जपून ठेवली होती.

आमच्याकडे भाजणं नाकावरच चालतं. खालून गॅस, वर फिरणारं लोखंडी पिंप. पिंपाला पुढे एक भोक आहे. त्यातून पळी घालायची, चार बिया बाहेर काढायच्या, नाकाशी धरायच्या. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग भाजल्या भाकरीचा, मग एका क्षणी खरी कॉफी येते. तिथून मिनिटभर उशीर झाला तर ती जळते.

सेंटची बाटली मुलीने आणली होती. ती बंगळूरला नोकरीला लागली तेव्हा पहिल्या सुट्टीत घेऊन आली. बुटकी, जड, मधाच्या रंगाची बाटली. लावल्यावर आधी मोगरा आणि निशिगंध येत. तेवढ्याने मी भुलले नसते. आमच्या गावात फुलांना तोटा नाही. पण अर्ध्या तासाने फुलं मागे सरत आणि खालून काहीतरी उबदार वर येई. चंदन, व्हॅनिला, थोडी दालचिनी, आणि देवघरात साम्ब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर विरल्यावर जो मागे राहतो तसा जड गोडवा. दिवे लागेपर्यंत तो अंगावर राही. शुक्रवारी देवळात जाताना किंवा लग्नकार्यात मी त्याचा एक फवारा मनगटावर मारी. दुकानात कधीच नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी मार्गळी महिन्याच्या थंडीत मला ताप आला. चार दिवस अंथरुणावर होते. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून उठून कॉफी केली आणि टंबलर तोंडाशी नेला, तर नुसतं गरम पाणी. कडू आणि गोड एवढं जिभेला कळत होतं, बाकी काही नाही. सर्दी असेल म्हटलं. पण नाक मोकळं होतं. मी कपाट उघडलं आणि सेंट मनगटावर मारला. घरातला सगळ्यांत मोठा वास तोच होता. मनगट ओलं झालं, थंड लागलं. वास आला नाही.

आणखी एक फवारा मारला. मनगट नाकाला टेकवून बराच वेळ बसले. मोगरा कसा असतो ते आठवत होतं, पण येत नव्हता.

मी कुणालाच सांगितलं नाही. आज वाटतं, यजमानांना तरी सांगायला हवं होतं. पण तेव्हा मला एकच दिसत होतं: मामंजी आणि ते नात्यातले लोक. नाक गेलेली बाई कॉफी भाजते, ही गोष्ट गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला दुपार पुरली असती. येईल आठवड्यात, असं मनाला सांगून मी दुकान उघडलं.

भाजायला घड्याळ लावू लागले. बिया किती, गॅस किती, मिनिटं किती, हे एका वहीत तमिळमध्ये लिहून ठेवू लागले. घाईत मला देवनागरी सुचत नाही. पण बिया घड्याळाचं ऐकत नाहीत. दमट दिवशी वेळ लागतो, जुन्या पोत्यातल्या लवकर होतात. मी सवयीने पळी बाहेर काढायची, नाकाशी धरायची, मान हलवायची. सगळं नाटक. पळीतल्या बियांचा रंग डोळे फाडून बघायची आणि अंदाजाने पिंप थांबवायची. दळलेली पूड गिऱ्हाईक हातात घेऊन हुंगायचं तेव्हा मी त्याच्या भुवया बघत उभी राहायची.

आणि रोज पहाटे उठल्याबरोबर सेंट. नाक परत आलं का हे बघायला दुसरं काही सुचतच नव्हतं. एक फवारा डाव्या मनगटावर. काही नाही. एक उजव्या. आंघोळीच्या वाफेने फरक पडला असेल म्हणून आंघोळीनंतर पुन्हा. कधी पदरावर, म्हणजे दिवसभरात मधेच एकदम येईल. दुकानात असं जायचं नाही हे मला कळत होतं. पण मला येत नव्हता म्हणून तो नाहीच, असं माझं मन धरून चालत होतं. एका फवाऱ्याचं काय उरतं, धुतलाच की हात, असं म्हणायची आणि जायची.

यजमान एकदा मोपेड काढताना म्हणाले, "आज कुणाचं लग्न आहे का?"

"नाही. का?"

"काही नाही, असंच पुसलं," म्हणाले आणि गेले.

मामंजी रोज दहा वाजता दुकानात येऊन तासभर बसत. त्या दिवसांत ते एक नवंच करू लागले. मी डब्यातून बिया काढल्या की उठून झाकण घट्ट लावायचे. टेबलफॅनचं तोंड रस्त्याकडे फिरवून ठेवायचे. मागची खिडकी स्वतः उघडायचे. बोलायचे मात्र काहीच नाहीत. मला वाटलं, यांना कळलंय. नाक गेलेल्या बाईच्या हाती दुकान आहे म्हणून हे माझ्यामागून सावरत फिरतायत, आणि एक दिवस बोलतील. ते खुर्चीतून उठले की मी पाठ फिरवून पाकिटं मोजू लागायची.

अशात एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होते. दूध शेगडीवर होतं. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली म्हणून उठले, काडेपेटी हातात घेतली, काडी बाहेर काढली. सहज शेगडीकडे लक्ष गेलं. दूध उतू जाऊन बर्नर भिजला होता. ज्योत विझली होती. बटण उघडं होतं.

किती वेळ ते तसं होतं, मला ठाऊक नाही. आठ-दहा शेंगा सोलल्या असतील, की पंधरा? गॅसचा वास मला आला नव्हता. काडी हातात होती. ती मी इतकी हळू खाली ठेवली, जणू नुसती हलली तरी पेटेल. बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मामंजी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. ही गोष्टही मी कुणाला सांगितली नाही.

पुढच्या शनिवारी तिरुवैयारूच्या मामी आल्या. या मामी म्हणजे पोस्टातून मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या बाई, तमिळ बोलणाऱ्या, वजनाने हलक्या आणि जिभेने तिखट. दर पंधरा दिवसांनी बसने येतात, पाव किलो पूड नेतात, आणि येता-जाता उभ्या गल्लीला शिस्त लावतात. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून आधीच्याच खेपेचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. वरचं जेमतेम दोन चमचे संपलं होतं.

"हे परत घे," त्या म्हणाल्या.

"जळली का, मामी?" माझ्या तोंडून पहिलं तेच आलं.

"जळली नाही. भाजणी ठीक आहे. पण फिल्टरमधून डिकॉक्शन उतरलं की कल्याणमंडपात बसल्यासारखं वाटतं. चंदन, मल्ली, आणखी काय काय. माझ्या बहिणीने घोट घेतला आणि पुसलं, नवरी कुठंय?" मग त्या पुढे वाकल्या. हुंगलं. "तू आहेस होय. केवढा लावला आहेस, मा? काउंटरच्या अलीकडे उभं राहवत नाही."

मी मनगट नाकाशी नेलं. सगळ्यांसमोर, नकळत. काहीच नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी महिनाभर अशी, एवढा वास घेऊन, या दुकानात उभी आहे. प्रत्येक पाकिटात तो गेला आहे. माणसांना तो आला आहे, आणि बहुतेकांनी काही म्हटलं नाही.

मामींना मी दुसरी पूड देऊ शकत नव्हते. दुकानातली सगळी माझ्याच हातची होती. "मामी, पुढच्या शनिवारी याल का?" एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, पाकीट तिथेच ठेवलं आणि गेल्या.

मामंजी खुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांच्यापुढे खाली बसले.

"मामंजी, मला वास येत नाही. तापापासून. कशाचाच नाही."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाले, "कॉफीचा?"

"कशाचाच नाही. सेंट त्याचसाठी लावत होते. येतो का बघायला. तुम्हांला कळलं होतं ना? तुम्ही झाकणं लावत होतात."

"झाकणं वासासाठी लावत होतो," ते म्हणाले. "तुझ्या नाकाचं मला काय ठाऊक? मला वाटलं, पोर आजारातून उठलीय, जरा नटावंसं वाटत असेल. लावू दे. आपण बिया झाकाव्या."

"मग मला बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. फुलांवरून." ते पंख्याकडे बघत होते. "तुझी सासू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, नव्या पोरीला चार लोकांत असं बोलतात? तेव्हापासून तुला काही सांगायचं म्हणजे मला भीती वाटते."

इतकी वर्षं मी या माणसाला भीत आले होते. मी तिथेच बसून त्यांना गॅसची गोष्टही सांगितली. ती ऐकून मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि मला न विचारता मुलाला फोन लावला.

यजमान तासाभरात परत आले, चिखलाच्या चपलांनिशी. ते माझ्यावर कधी रागावत नाहीत; त्या दिवशी रागावले. "काडी हातात होती आणि तू मला सांगितलं नाहीस," एवढं एकच वाक्य ते फिरून फिरून म्हणत होते. संध्याकाळी बाजारात जाऊन त्यांनी गॅस गळला की वाजणारं एक यंत्र आणलं आणि जेवण होण्याआधी भिंतीला ठोकलं. फोडणीला हिंग पडला तरी ते वाजतं. तरी ते काढायचं नाव ते घेत नाहीत.

सोमवारी नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या. त्यांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाल्या, नस दुखावली आहे, बहुतेक येईल, कधी ते सांगता येत नाही. घरी रोज दोनदा चार वास हुंगायचे: लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. येवोत न येवोत. "आणि आधी उलटासुलटा येऊ शकतो," त्या म्हणाल्या. "घाबरू नका."

हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला वेड लागलं असतं. दुकान आम्ही आठ दिवस बंद ठेवलं, डबे सोड्याने धुतले, उरलेली पूड टाकून दिली. बाटली मी कपाटात मागे सरकवली. मग मामंजी भट्टीपाशी खुर्ची घेऊन बसू लागले. मी पळी काढून त्यांच्या नाकाशी धरायची, ते "अजून" किंवा "बस" म्हणायचे. असं दोन महिने चाललं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पळी बाहेर काढली आणि मला वास आला. आनंद होणार तोच कळलं, हा कॉफीचा नव्हे. जळका रबर, त्यात कुजकं काहीतरी. मी पळी त्यांच्या हातात देऊन रस्त्यावर पळाले आणि गटारापाशी ओकले. आत मामंजी शांतपणे म्हणत होते, "बस. झाली. थांबव." त्यांना ती सुरेख कॉफी येत होती.

पुढचे दिवस नाक नव्हतं त्या दिवसांपेक्षा वाईट गेले. कांदा, भाजलेलं जिरं, यजमानांचा साबण, सगळ्यांतून तोच एक वास. घरी आल्यावर माझ्या साडीलाही तोच. एकदा धीर करून सेंटची बाटली उघडली. मोगरा नव्हता. गंजलेल्या लोखंडावर साखर जाळावी तसं काही आलं. मी झाकण लावलं आणि पलंगावर बसून राहिले. हे असंच राहिलं तर, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. मी नाकाला ओला रुमाल बांधून दुकानात जायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, मला धुळीचा त्रास आहे.

यजमान म्हणाले, दुकान भाड्याने देऊन टाकू. मी हो म्हणणार होते. त्याच सुमारास मामंजींना खोकला झाला आणि त्यांना पडून राहायला सांगितलं. शनिवार जवळ आला होता. त्या शनिवारी मामी येणार होत्या, पाकीट परत केल्यानंतर पहिल्यांदाच, आणि आणखी दोन लग्नघरांची पूड द्यायची होती. मी मामंजींच्या पलंगापाशी जाऊन म्हटलं, "कुणाला बोलवू? मी करू शकत नाही."

ते खोकत खोकत म्हणाले, "बिया तडतडतात ते ऐकलंस कधी?"

"ऐकलंय."

"लक्ष देऊन नाही ऐकलंस. नाक होतं म्हणून. तडतड थांबली की साठपर्यंत मोज. मग पळी काढ आणि उजेडात बघ. ओल्या चिंचोक्याचा रंग."

मी रुमालाची दुहेरी घडी नाकावर बांधली आणि एकटी भट्टीपाशी उभी राहिले. पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून. घाम डोळ्यांत येत होता. तडतड सुरू झाली, वाढली, विरळ झाली. थांबली असं वाटलं तेवढ्यात आणखी एक तडकली. कुठली शेवटची धरायची ते कळेना. मी मोजायला दोनदा सुरुवात केली. साठाला पळी काढून दाराच्या उजेडात नेली. चिंचोका की त्याहून गडद? तसंच पिंप थांबवलं.

शनिवारी मामी आल्या. त्यांनी पाकीट तिथेच फोडलं, चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि हुंगली. मी रुमालाआडून त्यांच्या भुवया बघत होते.

"नेहमीपेक्षा थोडी जास्त भाजली आहेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण कॉफी आहे." त्यांनी पाकीट पिशवीत टाकलं. "तो सेंट सोडलास ना?"

"सोडला, मामी."

"घरी लावत जा. दुकानात नको." आणि बसची वेळ झाली म्हणून गेल्या.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. नाक पुष्कळसं परत आलं आहे. लिंबू आलं, मग लवंग, मग हळूहळू कॉफीतला रबर गेला. सेंट अधूनमधून शुक्रवारी लावते. वरची फुलं येतात, खालचा उबदार भाग अजून येत नाही. यजमान म्हणतात तो आहे, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. एकच फवारा मारते, मोजून.

पण पूर्वीचा भरवसा आला नाही. आज मला जो वास कॉफीचा वाटतो तो तोच आहे का, की या नव्या वासाला मी कॉफी म्हणायला शिकले, हे कसं ताडून बघायचं? म्हणून अजूनही प्रत्येक घाण्याच्या मूठभर बिया वाटीत घालून मी घरी मामंजींपुढे नेते. ते आता दुकानात येत नाहीत. डोळे मिटून हुंगतात, मान हलवतात. ते मान हलवेपर्यंत मी उभी असते. एखाद्या दिवशी ते नसतील तेव्हा वाटी कुणापुढे नेणार, हा विचार मी पुरा करत नाही.

या पोंगलला मुलगी आली होती. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर तमिळमध्ये देते. सकाळी ती माझ्याबरोबर दुकानात आली, आणि मी तिला न सांगता पळी तिच्या नाकाशी धरली.

तिने दोनदा हुंगलं. "अजून थोडं, अम्मा," ती म्हणाली.

माझे कान म्हणत होते, झालं. मी तिच्याकडे बघितलं. ती पिंपाकडे बघत होती. मी पिंपाच्या बटणावरचा हात काढून घेतला, आणि आम्ही दोघी थांबलो.